कोलंबोला समुद्राने, कोचीला रस्त्याने

गेल्या श्रावणात कांद्याच्या खळ्यावर पाहिलेलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. मामांचा उन्हाळ कांदा लिलावात गेला होता आणि पैसे घ्यायला आम्ही दोघं लासलगावजवळच्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर बसलो होतो. एकाच ढिगाभोवती बायका कांदा निवडत होत्या. एका बाजूला जाळीच्या लाल पिशव्या भरून रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये चढत होत्या. तो माल कोलंबोचा. दुसऱ्या बाजूला बारा टायरच्या गाडीत गोण्यांची थप्पी लागत होती. तो माल कोचीचा. कांदा साठवायची चाळ तीच, प्रतवारी जवळपास तीच, हमालही तेच.

कंटेनर नाशिक, घोटी, कसारा घाट करत न्हावा शेव्याला जाणार होता. तिथून जहाज रत्नागिरी, गोवा, मंगळूर मागे टाकत, कोचीच्या समोरून कोलंबोला पोचतं. गाडी मात्र चंदनापुरी घाट चढून पुणे, खंबाटकी, कोल्हापूर, हुबळी, मग कर्नाटक आणि तमिळनाडू ओलांडून पालघाटच्या खिंडीतून केरळात उतरणार होती. सुमारे दीड हजार किलोमीटर. परदेशी जाणारा कांदा कोचीच्या दारावरून पाण्याने जातो आणि देशातला कांदा त्याच कोचीला जाण्यासाठी डोंगर चढतो-उतरतो. मुंबई ते कोची समुद्राने अकराशे किलोमीटरसुद्धा भरत नाही.

व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “भाऊ, समुद्राचा धंदा आपला नाही. गाडी लावली की चौथ्या दिवशी माल आडतीवर. जहाजाचं कोण सांगणार?”

मला या उत्तराच्या मुळाशी जायचं आहे. कारण किनारी जहाजवाहतुकीबद्दल, म्हणजे देशातल्याच एका बंदरातून दुसऱ्या बंदरात समुद्राने माल नेण्याबद्दल, सध्या दोन गोष्टी एकाच वेळी बोलल्या जातात. एक, ती स्वस्त आणि हिरवी आहे, म्हणून तिला वाढवा. दुसरी, तिच्यावर पर्यावरणाचे नियम लादू नका, नाहीतर ती ट्रकपुढे टिकणार नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात, तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं. हिरवी असेल तर हिरव्या नियमांची भीती का?

आधी ‘स्वस्त आणि हिरवी’ या दाव्याकडे पाहू. सरकारी कागदांत वर्षानुवर्षं एक तुलना फिरते आहे: एक टन माल एक किलोमीटर न्यायला रस्त्याने अडीच रुपये, रेल्वेने १ रुपया ३६ पैसे, जलमार्गाने १ रुपया ६ पैसे. तिच्याच जोडीला, एक लिटर इंधनात रस्त्याने २४ टन-किलोमीटर, रेल्वेने ८५, पाण्याने १०५. हे आकडे मुळात नद्यांमधल्या जलमार्गांसाठी मांडलेले. पण भाषणांमध्ये ते समुद्रालाही चिकटवले जातात. शिवाय नाशिकमधल्या आडगावच्या ट्रक टर्मिनलवर कुठल्याही चालकाला विचारा. पंचवीस टन माल भरलेली गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते. म्हणजे एका लिटरमध्ये शंभराच्या आसपास टन-किलोमीटर. परतीचं भाडं मिळालं नाही तर हा हिशोब बराच खाली येतो, तरी २४ पर्यंत येत नाही. आजची गाडी त्या जुन्या कागदातल्या गाडीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. समुद्राच्या बाजूने बोलायचं असेल तर या फुगलेल्या फरकावर उभं राहून बोलू नये. ट्रकवाला हा हिशोब रोज करतो आणि तो क्षणात खोडून काढतो.

मग खरा फरक किती? मी कागदावर मांडून पाहिलं. कोचीची गाडी एका फेरीत पावणेचारशे लिटर डिझेल घेते, म्हणजे टनामागे पंधरा लिटर. आता सातशे कंटेनरचं लहान जहाज घ्या, प्रत्येक कंटेनरमध्ये सरासरी दहा टन माल, एकूण सात हजार टन. चौदा नॉटच्या, म्हणजे तासाला सुमारे सव्वीस किलोमीटरच्या वेगाने ते मुंबईहून कोचीला साधारण बेचाळीस तासांत जाईल आणि दिवसाला एकोणीस-वीस टन इंधन धरलं तर वाटेत तेहेतीस-पस्तीस टन जाळेल. टनामागे पाच किलोच्या आसपास, लिटरमध्ये साडेपाच. त्यात नाशिकहून बंदरापर्यंतचे दोनशे किलोमीटर आणि कोचीच्या धक्क्यावरून बाजारापर्यंतचा तुकडा जोडा, आणखी अडीच लिटर. एकूण आठ. क्रेन, यार्डातल्या गाड्या, रीफरची वीज हे धरलं तर थोडं वर.

पंधराच्या समोर आठ-नऊ ही मोठी बचत आहे. मात्र तिला एक अट आहे. जहाज अर्धं रिकामं गेलं तर टनामागचं इंधन जवळपास दुप्पट होतं, आणि मग पंधराच्या समोर तेरा उभे राहतात. जाताना कांदा आणि येताना रिकामे डबे, असं झालं तर सगळा फायदा समुद्रातच बुडतो. गुजरातमधल्या मोरबीच्या फरशा कंटेनरमधून समुद्रमार्गे केरळ-तमिळनाडूत जातात, त्याचं एक कारण मोरबीजवळ कांडला आणि मुंद्रा आहेत आणि माल बारा महिने, ठरल्या वजनाचा, न सडणारा आहे. आमचा कांदा तसा नाही. पोळ आणि लाल कांदा आठवडाभर डब्यात कोंडला तर घाम धरतो. उन्हाळ कांदा टिकतो, पण पावसाळ्याच्या शेवटाला त्यालाही कोंब फुटतात. म्हणून समुद्राने पाठवायचा तो एप्रिल ते सप्टेंबरमधला चांगला वाळलेला उन्हाळ कांदाच, आणि तोही हवेशीर किंवा रीफर डब्यातून. द्राक्षाचा तर देशांतर्गत बाजारासाठी विचारच करू नये. सगळं समुद्रावर ढकला, असं मी म्हणत नाही.

आता धुराचा दुसरा भाग, ज्याबद्दल ‘हिरवी वाहतूक’ म्हणणारे गप्प राहतात. इंधन कमी जाळलं म्हणजे हवा कमी खराब झाली, असं जहाजाच्या बाबतीत होत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत-स्टेज सहा या प्रदूषण-मानकाचं डिझेल मिळतं. त्यात गंधक दहा लाख भागांत दहा भाग. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. मोठी सुधारणा. तरीही अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत पाच हजार भाग. ट्रकच्या डिझेलच्या पाचशे पट.

तोच मुंबई-कोचीचा हिशोब पुढे नेऊ. जहाजाने मर्यादेपर्यंत गंधक असलेलं इंधन वापरलं तर एका फेरीत १६५ किलोच्या वर गंधक जळून हवेत जाईल आणि त्याच्या दुप्पट वजनाचा सल्फर डायऑक्साइड तयार होईल. तेवढाच माल नेणाऱ्या २८० ट्रकांच्या डिझेलमधलं सगळं गंधक एक किलोसुद्धा भरत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडचंही तेच. भारत-स्टेज सहाच्या अवजड इंजिनाला एका युनिट कामामागे अर्ध्या ग्रॅमहून कमीची मर्यादा आहे. आपल्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या मध्यम गतीच्या जहाज-इंजिनाला दहा ग्रॅमच्या आसपास चालतं. युरोपच्या उत्तरेकडच्या आणि अमेरिकेच्या किनाऱ्यांना नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं आहे, तिथे गंधक ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्या यादीत आला. भारताचा किनारा त्या यादीत नाही.

यातून होणारं नुकसान अदृश्य आहे असंही नाही. जहाजांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांमुळे जगात वर्षाला सुमारे साठ हजार अकाली मृत्यू होतात, असा अंदाज २००७ साली एका गाजलेल्या अभ्यासाने मांडला, आणि त्यातले बहुतेक मृत्यू युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यालगतचे होते. त्यानंतर इंधन सुधारलं, आकडा बदलला असेल. पण किनाऱ्यावरचं जहाज खोल समुद्रातल्या जहाजापेक्षा वस्तीच्या जवळून जातं, बंदरात उभं असताना जनरेटर चालवतं आणि तो धूर उरण, मुरूड, मालवणच्या घरांत शिरतो. आमच्या नाशिकच्या द्वारका चौकातला धूर कमी करायचा आणि तो कोळीवाड्यावर नेऊन सोडायचा, हा न्याय नाही. नाशिक स्वतः देशाच्या हवा-स्वच्छता कार्यक्रमातल्या नापास शहरांपैकी एक आहे. धुरात राहणं म्हणजे काय ते आम्हाला सांगावं लागत नाही.

आणि धुरापुरतंच हे थांबत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात गेलं, कंटेनर तरंगत फिरू लागले, बंदरं काही दिवस बंद पडली आणि खारफुटीच्या मुळांवर काळा लेप बसला. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते, तेरामध्ये धोकादायक माल. सगळे खलाशी वाचले, पण प्लॅस्टिकचे बारीक दाणे तिरुवनंतपुरमच्या वाळूपर्यंत वाहत आले आणि केरळ सरकारने उच्च न्यायालयात नऊ हजार पाचशे कोटींहून अधिक भरपाई मागितली. ते जहाज कुठल्या महासागराच्या सफरीवर नव्हतं. ते विझिंजमहून कोचीला चाललं होतं. आपल्याच किनाऱ्यावरचा, दोन जवळच्या बंदरांमधला हा पल्ला. म्हणजे ज्या प्रकारची फेरी आपण वाढवू म्हणतो, नेमकी तीच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग राहू दे कांदा ट्रकमध्येच. तसं म्हणता येत नाही, कारण ट्रकचंही बिल कोणीतरी दुसराच भरतो. मालट्रक टोल भरतो, डिझेलवर भरपूर कर देतो, हे खरं आहे आणि ट्रान्सपोर्टवाले ते तावातावाने सांगतात तेव्हा ते चुकत नाहीत. पण तो कर नुकसानीच्या मापाने आकारलेला नाही. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या रस्ता-चाचण्यांपासून अभियंत्यांना माहीत आहे की आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. आपण २०१८ मध्ये ट्रकच्या आसांवरची वजनमर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली. मुंबई-नाशिक महामार्गावर पावसाळ्यात शहापूर ते भिवंडी किती वेळ लागतो, हे ज्याने तो घालवला आहे त्यालाच ठाऊक. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. ती सगळी मालट्रकमुळे मेली नाहीत. पण दीड हजार किलोमीटर, रात्रंदिवस, एक चालक आणि एक क्लीनर अशी गाडी रस्त्यावर असते, तेव्हा तिच्या भाड्यात त्या चालकाच्या झोपेची किंमत कुठे धरलेली असते?

आता मुख्य मुद्दा. जहाजमालक म्हणतात की स्वच्छ इंधनाची सक्ती, कार्बनचं मोल (म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बनमागे मोजायचे पैसे), असल्या गोष्टी आमच्यावर लादल्या आणि ट्रकवर लादल्या नाहीत, तर माल परत रस्त्यावर जाईल आणि एकूण प्रदूषण वाढेल. हा युक्तिवाद पोकळ नाही. २०१५ साली बाल्टिक आणि उत्तर समुद्रात गंधकाची मर्यादा ०.१ टक्क्यावर आणली गेली, तेव्हा तिथल्या कमी पल्ल्याच्या जहाजवाल्यांनी हीच भीती सांगितली होती. २०२४ पासून युरोपीय संघाने जहाजांना कार्बन बाजारात घेतलं, रस्त्यावरच्या इंधनाची बारी मात्र मागे राहिली. तेव्हाही तोच प्रश्न आला. एकालाच बिल आणि दुसऱ्याला फुकट, असं झालं तर गिऱ्हाईक फुकटाकडे जाणार. हे मला मान्य आहे.

पण बिल किती आहे ते तरी पाहा. समजा आपण कोचीच्या जहाजाला सांगितलं की किनाऱ्यालगत ०.१ टक्का गंधकाचंच इंधन जाळ, आणि त्यासाठी त्याला टनामागे वीस हजार रुपये जास्त मोजावे लागले. तेहेतीस टनांचे साडेसहा लाख रुपये. ऐकायला मोठी रक्कम. ती सात हजार टन मालावर वाटा: टनाला चौऱ्याण्णव रुपये. क्विंटलला साडेनऊ. किलोला दहा पैशांहून कमी.

कांद्याच्या एका किलोवर दहा पैसे. भराई, तोलाई, वाराई या बाजारातल्या हमाली-मापाच्या खर्चांमध्ये याहून जास्त रक्कम इकडची तिकडे होते. लासलगावच्या एका दिवसाच्या लिलावात सकाळ-संध्याकाळचा फरक क्विंटलला शंभर-दोनशे रुपये असतो. तेव्हा दहा पैशांमुळे किनारी वाहतूक मरेल, हे मी मानायला तयार नाही. जहाजाची हार दुसरीकडे होते, आणि आपण धुराच्या नियमांकडे बोट दाखवून ती दुसरी जागा झाकतो.

ती जागा म्हणजे बंदराचं फाटक. व्यापाऱ्याच्या दारात ट्रक एकदा भरतो आणि एकदा उतरतो. समुद्राने पाठवलेला डबा नाशिकला भरतो, यार्डात उतरतो, पुन्हा उचलून जहाजावर चढतो, कोचीला उतरतो, पुन्हा गाडीवर चढतो. प्रत्येक उचलीला पैसे, आणि पैशांहून जास्त म्हणजे वेळ. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत आमच्या भागातल्या चालकांनी काढलेल्या रात्री मी ऐकल्या आहेत. शिवाय जहाज कोणत्या दिवशी सुटेल हे डबा पोचेपर्यंत पक्कं नसतं. समुद्रातले बेचाळीस तास कोणाला खुपत नाहीत. धक्क्यावरचे चार-पाच दिवस खुपतात.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादाची गुरुकिल्ली तीच आहे. जहाजाचा वेग थोडा कमी केला तर इंधन खूप वाचतं. ठरावीक अंतरासाठी लागणारं इंधन ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात बदलतं. चौदा नॉटऐवजी बारा नॉटने गेलं तर मुंबई-कोचीला सात तास जास्त लागतात आणि चतुर्थांशाहून अधिक इंधन वाचतं. सात तास! हे तर एका फाटकावरच्या रांगेत जातात. बंदराने जहाजाला आणि डब्याला एक दिवस वाचवून दिला, तर जहाज तोच दिवस समुद्रात सावकाश चालून वापरू शकतं, आणि त्या वाचलेल्या इंधनातून स्वच्छ इंधनाचा वाढीव खर्च बराचसा भरून निघतो. पर्यावरण आणि स्पर्धा यांना आपण समोरासमोर उभं केलं आहे. कामाच्या पातळीवर पाहिलं तर दोघांचा शत्रू एकच आहे, तो म्हणजे वाया जाणारा वेळ. बंदरातल्या उभ्या जहाजाला धक्क्यावरून वीज दिली, तर जनरेटरही बंद राहतो.

दुसरी अडचण करांची. परदेशी फेरीवरच्या जहाजाला आपल्या बंदरात इंधन आयातशुल्काशिवाय मिळतं. किनारी फेरी करणाऱ्या भारतीय जहाजाला करासकट. परदेशी फेरीवर वर्षातला बराच काळ राहणाऱ्या भारतीय खलाशाचा पगार अनिवासी म्हणून करातून सुटतो. किनारी जहाजावरच्या खलाशाचा सुटत नाही, म्हणून चांगली माणसं तिकडे जातात. मोठ्या बंदरांत किनारी मालाला शुल्कात चाळीस टक्के सवलत आहे, ती चांगलीच आहे, पण वरच्या ओझ्यापुढे ती थिटी पडते. २०१८ मध्ये शेतमाल, फळं, मासळी आणि खतं किनाऱ्याकिनाऱ्याने नेण्यासाठी परदेशी झेंड्याच्या जहाजांवरची परवान्याची अट सैल केली गेली. तरी आमचा कांदा रस्त्यावरच राहिला. दार उघडलं, पण दारापर्यंत नेणारी वाट नव्हती.

किनाऱ्यावरची स्पर्धा कधी निव्वळ खर्चाची नव्हती, हे आपल्या इतिहासातही लिहिलेलं आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी आपल्या मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना उभा केला, तेच १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. ५ एप्रिल १९१९ ला त्यांचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. किनाऱ्यावर मात्र त्यांना ब्रिटिश कंपनीने भाडी पाडून पाडून जेरीस आणलं. स्वस्त भाडं त्या कंपनीच्या कार्यक्षमतेतून आलेलं नव्हतं. तो तोटा सोसण्याची तिची ताकद आणि मागे उभं असलेलं सरकार यांतून आलं होतं. कोणतं भाडं स्वस्त ठरतं हे नेहमी कोणीतरी ठरवलेलं असतं. आज तुटलेला रस्ता, दमलेला चालक, कोळ्याचं बुडालेलं जाळं यांचे पैसे भाड्यात धरायचे नाहीत, हेही आपणच ठरवलेलं आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने किनारी नौवहनाचा नवा कायदा केला. भारतीय जहाजांना किनारी व्यापारासाठी लागणारा सर्वसाधारण परवाना त्याने काढून टाकला, आणि किनारी व अंतर्देशीय नौवहनाचा राष्ट्रीय आराखडा दोन वर्षांत करण्याचं बंधन घातलं. हा आराखडा म्हणजे संधी आहे. त्यात मला तीन गोष्टी हव्या आहेत. किनाऱ्यालगत ०.१ टक्का गंधकाची मर्यादा, टप्प्याने, पण तारीख लिहून. तीच काटेकोर मोजणी ट्रकलाही, म्हणजे जुन्या गाड्या आणि जादा भार यांवर खरोखरची वसुली, कारण एकट्या जहाजाकडून वसूल करणं अन्याय आहे. आणि किनारी डब्यांसाठी वेगळं फाटक, वेगळा धक्का, जहाज सुटण्याचा पक्का दिवस. अपघाताच्या भरपाईचा विमा तर किनारी फेरीवर निघणाऱ्या प्रत्येक जहाजाला आधी दाखवायला लावला पाहिजे. एल्सा ३ नंतर केरळच्या मच्छीमारांना कोर्टाच्या दारात उभं राहावं लागलं, तसं आमच्या कोकणातल्या माणसावर येऊ नये.

एका गोष्टीवर मात्र माझं नाशिकच्या बऱ्याच मंडळींशी पटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ७६ हजार कोटींच्या वरचा प्रकल्प, आणि आमच्याकडे आनंद झाला की बंदर जवळ आलं. पण ते बंदर महासागरी महाकाय जहाजांसाठी आहे. ते ज्या डहाणू तालुक्यात होणार, तो १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला होता, २०२३ मध्ये तो बदलला. चौदाशे हेक्टरच्या वर समुद्र भरून काढायचा आहे आणि तो मच्छीमारांच्या जाळ्याखालचा समुद्र आहे. ‘किनारी वाहतूक हिरवी असते’ हे वाक्य त्या प्रकल्पाच्या समर्थनाला वापरलं जातं, तेव्हा मला ते खटकतं. कोचीला कांदा न्यायला सातशे डब्यांचं जहाज पुरतं, आणि ते आजच्या बंदरांत, जयगड-दिघीसारख्या ठिकाणीही लागू शकतं. नाशिकचा माल हे कारण करून कोणाचा समुद्र भरू नये.

आपल्याला खरी गरज आहे ती घाटाच्या वरच्या बाजूला. निफाड साखर कारखान्याच्या जागेवर ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर हाताळणारं तळ होणार, ही चर्चा कित्येक वर्षं ऐकतो आहोत. ते झालं, त्याला रेल्वेची साइडिंग मिळाली आणि डबे रेल्वेने खाली गेले, तर दोनशे किलोमीटरचा ट्रकचा तुकडाही वाचतो. कसाऱ्याला रेल्वेमार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर आहे, वर येताना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. पण आपला भरलेला माल घाट उतरतो, चढत नाही. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल देवळालीहूनच निघाली, दानापूरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका गाडीने सोळाशे टन कांदा दिल्लीला पोचवला. कोकण रेल्वे तर १९९९ पासून भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून नेते आहे. म्हणजे माल एका साधनावरून दुसऱ्यावर नेण्याची कला आपल्याला येते. नियमितपणे, ठरल्या वारी, ती वापरली जात नाही.

ट्रकवाल्यांचं काय, असा प्रश्न आडगावला मला एकाने विचारला, आणि तो रास्त आहे. नाशिक-सिन्नर पट्ट्यातली हजारो घरं गाडीवर चालतात. पण चाळीपासून निफाडपर्यंत आणि कोचीच्या धक्क्यापासून बाजारापर्यंत गाडीच लागणार आहे. पल्ला लहान होईल, फेऱ्या वाढतील, माणूस रात्री घरी येईल. बदल सावकाश आणि सांगून केला तर हे जमण्यासारखं आहे.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या व्यापाऱ्याला पुन्हा फोन केला. दहा पैशांचा हिशोब सांगितला, धुराचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “दहा पैशांचं काय घेऊन बसलात, मी वीस देतो. मला फक्त एवढंच लिहून द्या की मंगळवारी डबा दिला तर पुढच्या बुधवारी तो कोचीला उघडेल. दर मंगळवारी.” मग त्याने विचारलं, असं लिहून देणारं कार्यालय नाशिकमध्ये कुठे आहे. मला पत्ता सांगता आला नाही.